भाईने शाळा का सोडली?

(युवक-युवतींच्या सर्वेक्षण प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘समाजशास्त्रातील प्रमुख दृष्टिकोन : एक परिचय’. हा विषय मी बावीस वर्षं कॉलेजात शिकवते आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातली पहिली दहा वर्षं मी तो वाईट शिकवला. फळ्यावर तीन रकाने काढायचे : प्रकार्यवाद, संघर्षवाद, प्रतीकात्मक आंतरक्रियावाद. प्रत्येकाखाली दोन-दोन नावं, पाच-पाच वैशिष्ट्यं. मुलं ते वहीत उतरवायची, परीक्षेत पुन्हा तसंच उतरवायची आणि निकालानंतर वही रद्दीत जायची. तुमचं तसं व्हायला नको, कारण तुम्हाला परीक्षा द्यायची नाही. उद्या सकाळी तुम्ही प्रश्नावली घेऊन लोकांच्या दारात उभे राहणार आहात. म्हणून मी आज एकच प्रश्न घेऊन आले आहे, तोही घरातला. माझ्या भाईने नववीत शाळा का सोडली?

आम्ही इचलकरंजीचे. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला आणि गावाचं नशीब सुताला बांधलं गेलं. अब्बांचे चार माग होते, खर्चीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, माग, वीजबिल आणि डोकेदुखी आपली. कापड विणून द्यायचं आणि मीटरमागे मजुरी घ्यायची. मंदी आली की पहिल्यांदा मजुरी घसरते. अशाच एका मंदीत अब्बांनी कामगाराला सुट्टी दिली आणि त्याच्या जागी भाई उभा राहिला. मी तेव्हा पाचवीत होते. नातेवाइकांचा निकाल ठरलेला होता : “त्याला डोकंच नव्हतं. धाकटीला आहे.” ती धाकटी मी. मला तो निकाल आवडायचा, कारण त्यात माझं कौतुक होतं. पुढची बरीच वर्षं मी तोच खरा मानला.

सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचं १९५९ सालचं एक पुस्तक आहे, समाजशास्त्रीय कल्पनाशक्तीवर. त्यांचं सांगणं सोपं आहे. एका शहरात एक माणूस बेकार असेल तर त्याच्या स्वभावाकडे, कौशल्याकडे बघा. पण लाखो माणसं बेकार असतील तर प्रत्येकाचा स्वभाव तपासत बसण्यात अर्थ नाही, तिथे रचनाच तपासावी लागते. एक असते खासगी अडचण आणि एक असतो सार्वजनिक प्रश्न. एम.ए.च्या वर्गात हे ऐकलं त्या दिवशी मी मनातल्या मनात आमच्या गल्लीतली घरं मोजली. भाईच्या वयाच्या मुलांपैकी दहावीला बसलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मावत होती. सगळ्यांनाच डोकं नव्हतं?

आता इथून पुढे प्रत्येक दृष्टिकोन वेगळ्या दिशेने जातो.

फ्रान्सचे एमिल दुर्खीम हे एका रब्बीचे, म्हणजे यहुदी धर्मगुरूचे चिरंजीव. १८९७ साली त्यांनी आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. आत्महत्येहून अधिक खासगी काय असू शकतं? पण त्यांनी आकडे मांडून दाखवलं की प्रोटेस्टंटांमध्ये तिचं प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त आहे, एकट्यांमध्ये संसारी माणसांपेक्षा जास्त आहे, आणि हा फरक वर्षानुवर्षं टिकतो. माणूस समूहात किती घट्ट विणलेला आहे यावर त्याचं जगणं-मरणंही अवलंबून असतं, हा त्यांचा निष्कर्ष. (पुढे अभ्यासकांनी विचारलं : कॅथलिक गावात आत्महत्या झाली तर ती ‘अपघात’ म्हणून तर नोंदवली जात नसेल? ही शंका उद्यासाठी खिशात ठेवा. आकडा हाती आला की आधी विचारायचं, नोंद कुणी केली आणि कशासाठी.)

या परंपरेतून जो प्रकार्यवाद आला तो विचारतो : ही गोष्ट समाजाला कशी धरून ठेवते? या नजरेने बघितलं तर भाईचं कामाला लागणं ही आमच्या घराची तग धरण्याची पद्धत होती. अम्मीची भिशी, मामूंनी दिलेली उसनवारी, जमातीतून झालेली मदत आणि भाईचे दोन हात या सगळ्यांनी मिळून घर बुडू दिलं नाही. मोहल्ल्यातली एकजूट ही नुसती भावना नाही, ती गरिबांची विमा योजना आहे. ज्यांना बँक उभं करत नाही त्यांना नातं उभं करतं.

इथे कुणीतरी हात वर करून म्हणेल, मॅडम, हे तर इब्न खल्दूननी आधीच सांगितलंय. बरोबर. १३७७ साली ‘मुकद्दिमा’त त्यांनी ‘असबिय्या’ म्हणजे समूहाची एकजूट कशी बनते आणि शहरी ऐषआरामात काही पिढ्यांत कशी विरते ते मांडलं. ‘समाजशास्त्र’ हा शब्द ऑग्युस्त कॉम्तने वापरात आणला त्याच्या साडेचारशे वर्षं आधी. पण माझी एक तक्रार आहे. आपल्याकडे इब्न खल्दूनचं नाव छाती फुगवायला घेतात, वाचायला घेत नाहीत. वाचलं तर लक्षात येईल की ते आपल्याच इतिहासकारांवर सगळ्यात जास्त टीका करतात, ऐकीव गोष्टी न तपासता लिहिल्याबद्दल.

तर प्रकार्यवादाने मला भाईबद्दल आदर दिला. पण एक प्रश्न त्याला झेपला नाही. घर तगलं, ठीक. किंमत कुणी दिली? रॉबर्ट मर्टन याच परंपरेतले, त्यांनी हे आतून दुरुस्त केलं. एखादी गोष्ट उपयुक्त आहे म्हणता, मग कुणाला उपयुक्त तेही सांगा. आणि कुणाला मारक, तेही. मर्टन हे जन्मनाव नाही बरं का. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब यहुदी घरातला हा मुलगा, मायर श्कोल्निक. नाव बदलून तो रॉबर्ट मर्टन झाला. भाड्याचं घर शोधताना ज्यांनी फोनवर स्वतःचं पहिलं नाव गिळलं असेल, त्यांना हे का केलं असेल ते समजावून सांगायला नको.

आता मार्क्स. संघर्षवादी दृष्टिकोन तुम्हाला पहिल्यांदा हिशेबाची वही उघडायला लावतो. सूत कुणाचं, दर कोण ठरवतो, मंदीत तोटा कुणाच्या अंगावर पडतो? व्यापाऱ्याने मजुरी कमी केली, अब्बांनी तो तोटा कामगारावर ढकलला, कामगार गेल्यावर तो भाईच्या शाळेवर आला. तोटा वरून खाली घसरत येतो आणि जिथे कुणी हुज्जत घालू शकत नाही तिथे थांबतो. आमच्या घरात तिथे चौदा वर्षांचा मुलगा उभा होता.

हा दृष्टिकोन आपल्याला फार आवडतो, जोपर्यंत तो बाहेरच्यांकडे बोट दाखवतो तोपर्यंत. पण त्याच बोटाने आतही बघावं लागतं. अब्बांनी काढलेला तो कामगारही आपल्याच मोहल्ल्यातला होता. त्याच्या मुलांचं काय झालं हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही, मीसुद्धा. ‘मुस्लिम समाज’ असा एकच शब्द आपण वापरतो तेव्हा मालक आणि मजूर, बागवान आणि खाटीक, बंगलेवाले आणि पत्र्याच्या खोलीवाले सगळे त्यात झाकले जातात. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, तुमच्यापैकी काहींच्या वयाचे. जातीचं मर्म त्यांनी लग्नात दाखवलं : जात म्हणजे आतल्या आत लग्नं करून बंद झालेला गट. ही कसोटी आपल्या बिरादऱ्यांना लावून बघा. एका सफेत खांद्याला खांदा लावून उभं राहतो, दावतीत एका थाळ्यात जेवतो, पण मुलीचं स्थळ बघताना काय विचारतो? इम्तियाज अहमद यांनी १९७३ साली भारतीय मुसलमानांतल्या जातीवर अभ्यासकांचे लेख एकत्र करून ग्रंथ काढला. आपल्यात असं काही नसतंच, हे उत्तर त्या ग्रंथानंतर तरी बंद व्हायला हवं होतं.

मॅक्स वेबर यांना मी आज हात लावत नाही. त्यांना पंधरा मिनिटांत उरकणं हा अन्याय होईल आणि तुमचं जेवणही लांबेल.

तिसरा दृष्टिकोन मात्र मला भाईनेच शिकवला. मी एम.ए. झाल्यावर एकदा मोठ्या उत्साहाने त्याला समजावत होते की तू शाळा सोडली नाहीस, मंदीने सोडवली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंदी होतीच. पण मला त्या वर्गात परत जायचं पण नव्हतं.” मग त्याने सांगितलं. गणिताचे एक सर हजेरी घेताना त्याच्या नावापाशी थांबायचे आणि म्हणायचे, “तुम्ही शेवटी मागावरच जाणार, मागेच बसा.” ‘माग’ आणि ‘मागे’. वर्ग हसायचा. सरांना बहुधा तो विनोद वाटत असेल. भाई शेवटच्या बाकावर बसू लागला, तिथून फळा नीट दिसायचा नाही, गणितं चुकायची, आणि सरांचं म्हणणं रोज थोडं थोडं खरं होत जायचं.

प्रतीकात्मक आंतरक्रियावाद नेमकं हेच बघतो. मोठ्या रचना सोडा, दोन माणसं समोरासमोर आल्यावर एकमेकांना काय समजतात, काय नाव देतात, आणि ते नाव ऐकणारा स्वतःला काय समजू लागतो. डब्ल्यू. आय. थॉमस यांचं म्हणणं असं की लोक एखादी परिस्थिती खरी धरून चालले की तिचे परिणाम खरोखरचे होतात, मग ती मुळात खरी असो वा नसो. मर्टननी १९४८ साली यावर लेख लिहिला : स्वतःलाच खरं करणारं भाकीत. धडधाकट बँक बुडणार अशी अफवा उठते, लोक पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखर बुडते. रोझेन्थॉल आणि जेकबसन यांनी हे शाळेत करून पाहिलं, तो अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना सांगितलं की अमुक मुलं यंदा चमकणार. ती नावं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही निवडलेली होती. वर्षाअखेरीस खालच्या वर्गांतली ती मुलं बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली. हा परिणाम किती मोठा, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, तेव्हा तो ब्रह्मवाक्य म्हणून सांगू नका. पण भाईला सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

हा परिणाम वर्गापुरता थांबत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००५ पासून वर्षभराहून अधिक काळ वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून खासगी कंपन्यांकडे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा : उच्चजातीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. एकूण ४,८०८ अर्ज. मुस्लिम नावाच्या अर्जाला होकार येण्याचं प्रमाण, संख्याशास्त्राच्या हिशेबात, उच्चजातीय नावाच्या साधारण एक-तृतीयांश निघालं. “शिकून तरी काय मिळणार?” असं दारात एखादा बाप म्हणाला तर त्याला अडाणी समजू नका. त्याने हा अभ्यास वाचलेला नसतो, पण त्याचा पुतण्या डिग्री घेऊन घरी बसलेला असतो.

आता उद्याच्या कामाकडे येते. यासाठी मला फिलाडेल्फियाला जावं लागेल.

१८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या तरुण कृष्णवर्णीय विद्वानाला बोलावलं. बर्लिनला शिकलेले, हार्वर्डचे डॉक्टरेट, अशी पदवी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. काम काय? शहराच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीयांचा अभ्यास. शहरातल्या बड्या सुधारकांची समजूत पक्की होती की शहर बिघडतंय ते या लोकांमुळे, त्याला फक्त शास्त्रीय शिक्का हवा होता. डू बॉइस नुकतंच लग्न झालेल्या पत्नीसह त्याच वॉर्डात एका खोलीत राहायला गेले. प्रश्नावल्या घेऊन स्वतः घरोघर फिरले, सुमारे अडीच हजार कुटुंबं. वॉर्डातले ९,६७५ कृष्णवर्णीय त्यांनी मोजले, घर न घर नकाशावर रंगाने दाखवलं. लोकांनी काही त्यांना मिठ्या मारल्या नाहीत. आपला असला तरी वही-पेन्सिल घेऊन आलेला माणूस संशयास्पदच असतो. उद्या तुम्हालाही हा अनुभव येईल, वाईट वाटून घेऊ नका.

१८९९ साली ग्रंथ आला. त्यात त्यांनी गुन्हे लपवले नाहीत, आळस, उधळपट्टी यांवर इतकं कडक लिहिलं की आज वाचताना गरिबांवर जरा जास्तच उपदेश झाडलाय असं मला वाटतं. पण त्यांनी प्रश्नाची दिशा फिरवली. हे लोक असे का, याबरोबरच त्यांनी विचारलं : या माणसाला कुठलं काम नाकारलं गेलं, कुणी नाकारलं, भाडं किती घेतलं जातं? सुतारकाम येणारा हॉटेलात वाढप्या का आहे? एकेकाची हकिगत नोंदवली. ‘हा समाज एक समस्या आहे’ हे वाक्य त्यांनी ‘या समाजापुढे या समस्या आहेत’ असं बदललं.

आपल्याबाबत असं मोजमाप व्हायला २००६ साल उजाडलं. मुसलमानांची मुलं मदरशांतच जातात, असं देशभर छातीठोक बोललं जायचं. सच्चर समितीने मोजलं तर शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी निघाली तीन टक्के. आणि सहा ते चौदा वयोगटातली पंचवीस टक्के मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, नाहीतर त्यांची शाळा सुटली होती. चर्चा तीन टक्क्यांची चालू होती, पंचवीस टक्क्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आपलंही नव्हतं.

इथवर भाषण लिहून झालं आणि मला वाटलं, छान जमलं. भाई प्रत्येक चौकटीत बसला. मग गेल्या आठवड्यात आपाचा फोन आला. आपा म्हणजे माझी मोठी बहीण, भाईच्याही वरची. तिने सहज विचारलं, काय बोलणार आहेस शिबिरात? मी सांगितलं. ती “अच्छा” म्हणाली आणि दुसरं काहीतरी बोलू लागली. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आपाने सातवीत शाळा सोडली. भाईच्या बऱ्याच आधी. ती मागच्या खोलीत कांड्या भरायची, उरलेल्या वेळात स्वयंपाक, धुणं आणि मला सांभाळणं. भाईने शाळा सोडली ही आमच्या घरातली घटना होती, त्यावर नातेवाइकांचं मत होतं, अम्मीचं रडणं होतं, आता माझं भाषण आहे. आपाच्या शाळेबद्दल कुणी एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. मी बाई आहे, हा विषय शिकवते, आणि माझ्याही यादीत ती नव्हती.

स्त्रीवादी अभ्यासकांनी हेच तर पकडलं होतं. अॅन ओकली यांनी लंडनमधल्या चाळीस गृहिणींच्या मुलाखती घेऊन १९७४ साली घरकामावर पुस्तक लिहिलं. तोवर समाजशास्त्राच्या दृष्टीने घरकाम हे ‘काम’ नव्हतंच, ते कुटुंब या धड्यात येऊन जायचं. त्यांनी ते नोकरीसारखं मोजलं : आठवड्याला सरासरी सत्त्याहत्तर तास. मी हे दरवर्षी वर्गात सांगते, अगदी रंगवून.

मी आपाला परत फोन लावला. म्हटलं, तू शाळा का सोडलीस? ती हसली. म्हणाली, “सोडली कुठं गं? दुसऱ्या दिवशी जायचंच होतं. त्या दिवशी कांड्यांची पेटी भरायची राहिली होती.”

असो. चहा आलाय, तेव्हा कामाचं बोलते. तुमच्या प्रश्नावलीच्या दुसऱ्या पानावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना आहे आणि खाली पर्याय छापलेत : गरिबी, अभ्यासात रस नाही, घरकाम, लग्न, इतर. ही प्रश्नावली तयार करताना मीही होते, तेव्हा चूक माझीही आहे. ते पर्याय आत्ताच पेनने खोडा. तिथे घरचे सांगतील ते नाही, ज्याची किंवा जिची शाळा सुटली त्या माणसाचं वाक्य, त्याच्या शब्दांत लिहून आणायचं. माणूस घरात नसेल तर जागा कोरी ठेवा आणि संध्याकाळी परत जा. ‘कमावणारे किती’ हा पहिल्या पानावरचा प्रश्न तसाच ठेवला तरी चालेल, पण त्याच्या शेजारी समासात आणखी एक लिहा : काल दिवसभर घरात कोणी कोणी काय काय काम केलं. उत्तर मिळायला वेळ लागेल. म्हणून प्रत्येकी वीस घरं दिली होती, ती आपण बारा करू या.